छोट्या कॅरॅव्हॅनमधली झोप: आधी खालचं बघा, मग वरचं

कॅरॅव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायची राहण्याची गाडी, घेतलेल्या ओळखीच्या मंडळींचे मला जे फोन येतात, ते बहुतेक एकाच तक्रारीचे असतात. "जागा सुंदर होती गं, पण पाठ मोडली." मी विचारते, गादीखाली काय घातलं होतंत? तर उत्तर येतं, "काही नाही, आहेत त्याच गाद्या जोडल्या. पण डुव्हे, ते रजईसारखं पांघरूण, मात्र चांगलं महागातलं घेतलं." तिथेच सगळी गोम आहे. छोट्या गाडीत झोप लागते की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: गाडी सपाट उभी आहे का, गाद्यांमधल्या फटी भरल्या आहेत का, आणि खालून गारवा येतोय का. पांघरुणाचा नंबर त्यानंतर.

आमची गाडी इंग्लंडमध्ये, लेस्टरला घरासमोर उभी असते. जुनी, एका आसाची, कागदोपत्री चौघांची. पुढच्या खिडकीशी समोरासमोर दोन लांब बाकं, त्यांच्या मधोमध खणांचं बुटकं कपाट, मधल्या भागात एका कडेला छोटं जेवणाचं टेबल आणि अगदी मागे बाथरूम. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांत ही मांडणी सर्रास दिसते, म्हणून पुढचं सगळं तिला धरून लिहिते आहे. तुमच्या गाडीत कायमचा पलंग असेल तर बाकं जोडण्याचा भाग सोडून द्या, बाकीचं मात्र वाचा.

अंथरुणाचं काम गाडी उभी करतानाच सुरू होतं

गाडी एका अंगावर कललेली असेल तर कितीही जाड गादी घाला, रात्रभर एकजण दुसऱ्याच्या अंगावर घसरत राहतो. म्हणून पाणसळ घ्या आणि ती गादीवर नव्हे, गाडीच्या आतल्या जमिनीवर, साधारण चाकांच्या रेषेत ठेवा. आधी डावं-उजवं बघायचं, आणि ते गाडी कारला जोडलेली असतानाच. जी बाजू खाली आहे त्या चाकाखाली उतरता ठोकळा ठेवून गाडी हळूच त्यावर चढवायची. हँडब्रेक ओढून मग कार सोडवायची, पुढच्या छोट्या चाकाने पुढचं-मागचं सपाट करायचं, आणि सगळ्यात शेवटी चार कोपऱ्यांचे पाय खाली घ्यायचे.

हे कोपऱ्यांचे पाय गाडी हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नाहीत. त्यांच्यावर जोर देऊन गाडी वर करू पाहणारे पिचवर, म्हणजे गाडी उभी करायला मिळालेल्या जागेवर, हमखास दिसतात, पण त्याने गाडीचा सांगाडा पिळवटतो. मग दार नीट लागत नाही आणि दोष मात्र दाराला.

जागाच वाकडी असेल आणि अगदी सपाट जमत नसेल, तर डोकं येणारी बाजू किंचित वर राहील असं बघा. डोकं खाली गेलं की सकाळी उठल्या उठल्या कपाळ ठणकतं.

आडवं झोपायचं की उभं?

पुढची दोन बाकं जोडली की जवळजवळ चौरस पलंग होतो. बाकांची लांबी साधारण १८० सेंमी आणि गाडीची आतली रुंदी दोन मीटरच्या थोडी वर. माझा नवरा सहा फूट एक इंच, म्हणजे १८५ सेंमी. बाकाच्या लांबीत तो मावत नाही, पाय बाहेर येतात. त्यामुळे आम्ही गाडीच्या रुंदीत, एका खिडकीकडे डोकं आणि समोरच्या खिडकीकडे पाय करून आडवे झोपतो. यात लांबी भरपूर मिळते, पण पुढच्या खिडकीकडच्या माणसाला रात्री उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं. ज्याला रात्री दोनदा उठावं लागतं त्याने दाराकडची बाजू घ्यावी. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

तुम्ही दोघंही साडेपाच फुटांच्या आसपास असाल तर उभं झोपा, पुढच्या खिडकीकडे डोकं करून. दोघांना पायथ्याकडून उतरता येतं, कुणाची झोपमोड होत नाही. शिवाय गाद्यांचे जोड अंगाच्या लांबीत येतात, प्रत्येकाला स्वतःच्या बाकाची अखंड गादी मिळते आणि फक्त मधली पट्टी दोघांत वाटून घ्यायची. आडवं झोपलं की तेच जोड अंगाखालून आडवे जातात, एक बरगड्यांखाली आणि एक मांड्यांखाली. म्हणजे आडवं झोपणाऱ्याला फटी भरण्याचं काम जास्त काळजीने करावं लागतं.

गाद्या जोडताना

पुढच्या बाकांमध्ये टेबल मांडलं असेल तर उचलून ठेवा. मधल्या कपाटातून लाकडी पट्ट्यांची जाळी बाहेर ओढा आणि तिची दोन्ही टोकं बाकांच्या कडेच्या खाचेत पूर्ण टेकलीत का ते हाताने चाचपून बघा. नुसतं डोळ्यांनी बघू नका, वर फळीची कड आलेली असते, खाच दिसत नाही. पट्ट्यांना धरून ठेवणारा कापडी पट्टा सैल झाला असेल तर पट्ट्या एका बाजूला गोळा होतात आणि मध्यरात्री कुणाचं तरी कोपर खाली जातं. हा पट्टा घरीच बदलता येतो. जाड नवार घ्या आणि प्रत्येक पट्टीवर स्टेपलगनच्या दोन-दोन पिना मारा.

आता गाद्या. बसण्याच्या गादीची पुढची कड मुद्दाम फुगीर केलेली असते, मांड्यांना आधार मिळावा म्हणून. बसायला ती छान, पण पलंग करताना तशीच ठेवली तर तुमच्या पाठीखाली दोन बांध तयार होतात. म्हणून दोन्ही बाकांच्या गाद्या फिरवा, फुगीर कड भिंतीकडे आणि सरळ कड मध्यभागाकडे. काही गाद्या उलट्या केल्या की खालून सपाट असतात; तशा असतील तर सरळ उलटच्या घाला. मग मधल्या पट्ट्यांवर पाठीच्या गाद्या बसवा, पण त्यांची जाड बाजू कुठे नि पातळ कुठे हे जुळवत.

या जुळवाजुळवीत पहिल्यांदा चांगला वेळ जातो, आणि रात्री, पावसात, दमल्यावर तर डोकंच चालत नाही. म्हणून सुटीला निघण्याआधी घरासमोरच, दिवसाउजेडी एकदा पूर्ण पलंग लावून बघा. बरोबर बसला की गाद्यांच्या खालच्या बाजूला खुणा करा. मी प्रत्येक गादीच्या खोळीवर, चेनजवळ, लाल दोऱ्याचे टाके घातले आहेत: डाव्या बाकाच्या गादीला एक, उजवीला दोन, मधल्यांना तीन आणि चार. टाके ज्या कोपऱ्यात आहेत तो कोपरा नेहमी दाराकडे. मुलगा आता झोपेतसुद्धा पलंग लावेल. पेनाने लिहिलेलं धुण्यात जातं, चिकटपट्टी सुटते, दोरा राहतो.

जुन्या गाडीत फोमची परीक्षा घ्या. गादीवर एक गुडघा टेकवा आणि सगळा भार त्यावर टाका. खालची फळी गुडघ्याला लागली तर फोम संपलाय, वर काहीही पसरून उपयोग नाही. इथे मापाने फोम कापून देणारी दुकानं आहेत. जुना तुकडाच नमुना म्हणून न्या, कारण भिंतीकडच्या गाद्यांचे कोपरे बऱ्याचदा तिरके कापलेले असतात. सगळ्यात कडक फोम घेऊ नका, दिवसा त्यावर बसायचंही आहे. आणि तो आगीच्या १९८८ च्या ब्रिटिश नियमांत बसणारा आहे ना, हे विचारून घ्या. एवढ्याशा जागेत चूल आणि बिछाना हातभर अंतरावर असतात.

कुणी तरी मला विचारलं होतं, आपली कापसाची गादी शिवून घेतली तर? मन करतं खरं. पण ती जड, ओल धरणारी, आणि इथे ती उन्हात टाकणार कुठे आणि पिंजून कोण देणार!

फटी भरायच्या

पाठीच्या गाद्या बसण्याच्या गाद्यांपेक्षा पातळ असतात, त्यामुळे मध्यभागी पन्हळ पडते. आमच्याकडे ती दोन-तीन सेंमी खोल आहे. झोपण्याआधी उजेडात दिसतसुद्धा नाही, पण कुशीवर वळलं की कंबर नेमकी तिथे जाते. इथे उपयोगी पडते गोधडी. सासूबाईंनी जुन्या नऊवारींची शिवलेली एक गोधडी मी लांबीत तीन पदरी घडी करून त्या पन्हळीत घालते. गोधडीची गंमत अशी की जवळजवळ घातलेल्या धावदोऱ्यामुळे ती दबली तरी एका जागी गोळा होत नाही. उशा किंवा गुंडाळलेले टॉवेल घालून बघा, तासाभरात गठ्ठा होतो. गोधडी नसेल तर घट्ट विणीचं जुनं लोकरी ब्लँकेट चालेल. घडी किती पदरी हे हाताने ठरवा: तळवा सपाट ठेवून एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत फिरवा. मध्ये कुठे हात खाली-वर झाला नाही की जमलं.

त्यावर मी एक सोलापुरी चादर पसरते. ती मऊ आहे म्हणून नाही, खरखरीत आहे म्हणून. बाकांचं कापड गुळगुळीत असतं, त्यावर टॉपर (गादीवर घालायचा मऊ थर) ठेवला की सकाळपर्यंत तो पायथ्याशी गेलेला असतो. चादरीमुळे जागचा हलत नाही.

मग टॉपर. पाच सेंमी पुरतो. मेमरी फोम अंगाला छान बसतो, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. थंडीत तो घट्ट होतो, त्यामुळे एप्रिलमध्ये स्कॉटलंडात रात्री पडल्या पडल्या फळीवर झोपल्यासारखं वाटतं आणि अंगाच्या उबेने तो हळूहळू सैल होतो. दुसरं म्हणजे वजन. डबल मापाचा पाच सेंमीचा टॉपर साडेसहा-सात किलोचा भरतो. मला स्वतःला दोन एकेरी टॉपर शेजारी शेजारी घालणं बरं वाटतं. उचलायला हलके, आणि एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हादरा बसत नाही. मधली फट? वरून एकच मोठी चादर घट्ट खोचली की ती जाणवत नाही. लोकरीचा टॉपर उबदार आणि हलका, पण जोड लपवायची ताकद त्याच्यात कमी.

खालचा गारवा आणि ओल

बाकांखालची पेटी म्हणजे बाहेरच्या हवेचीच खोली. लाकडी पट्ट्यांमधून गारवा थेट गादीला लागतो, आणि अंगाची वाफ वरून खाली येऊन त्या गार जागी पाणी होते. सकाळी गादीची खालची बाजू दमट लागते ती यामुळे. चांदीसारखा चमकणारा प्लॅस्टिकचा पत्रा गादीखाली घालायचा सल्ला खूपजण देतात. मी घालत नाही. ऊब राहते, पण पाणी अडतं आणि आठवड्यात कुबट वास सुरू. त्याऐवजी बोटींच्या बिछान्यांखाली घालतात ती जाडसर जाळी मिळते. तिच्यातून हवा खेळते. ती गादीखाली घाला आणि ऊब टॉपरच्या थरातून मिळवा.

भिंत आणि अंथरूण यांच्यात चार बोटं जागा सोडा. खिडकीला डुव्हे टेकलं की सकाळी त्याचा काठ ओला. बहुतेक कॅरॅव्हॅनच्या खिडक्यांना दोन खाचा असतात. बाहेरच्या खाचेत अडकवली की बोटभर फट राहते. रात्री एक खिडकी तशी ठेवाच. थंडी वाजेल म्हणून सगळं बंद केलं तर पहाटे छतावरून थेंब गळतात आणि थंडी वाजते ती वाजतेच.

एका बाबतीत मी हट्टी आहे. गाडीच्या जमिनीत आणि छतात कायम उघडी असलेली हवेची भोकं असतात. जमिनीतली भोकं अनेकदा बाकांखालच्या पेटीत येतात, आणि जास्तीच्या उशा, रजया आपण नेमक्या तिथेच कोंबतो. ती कधीही बुजवायची नाहीत. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो आणि त्या भोकांतूनच बाहेर जातो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला आणि चालू पाहिजे. विझलेली वाटणारी कोळशाची शेगडीसुद्धा ऊब म्हणून गाडीत किंवा तंबूत आणायची नाही.

पांघरूण

दोघांत एक डबल डुव्हे छोट्या गाडीत त्रासाचं ठरतं. ओढाओढ होते, आणि घडी ठेवायला जागा नाही. दोन एकेरी घ्या, १३५ बाय २०० सेंमीची. इथे डुव्हेची ऊब टॉगमध्ये मोजतात. साडेचार आणि नऊ टॉगची जोडी मिळते, बटणांनी एकमेकांना जोडली की साडेतेरा. उन्हाळ्यात पातळ, मेमध्ये आणि सप्टेंबरमध्ये नऊचं, लेक डिस्ट्रिक्टमध्ये ऑक्टोबरात दोन्ही. कापूस किंवा पिसांपेक्षा कृत्रिम धाग्याची घ्या, ओल लागली तरी लवकर वाळतात.

विजेची जोडणी असेल तर छोटा हीटर कमी आचेवर ठेवता येतो, पण आकडेमोड करा. १० अँपिअरच्या पिचवर तुमच्याकडे साधारण २,३०० वॉट असतात. दोन हजार वॉटची किटली आणि हीटर एकदम लावले की अंधार. झोपण्याआधी अर्धा तास पायथ्याशी गरम पाण्याची पिशवी ठेवली तर हीटरची गरजही बऱ्याचदा लागत नाही. तिच्यात उकळतं पाणी मात्र ओतू नका.

सासूबाई आणि मुलगा

सासूबाई उन्हाळ्यात नाशिकहून आल्या की आमच्याबरोबर येतात. त्यांची जागा जेवणाच्या टेबलाची, कारण तिथून बाथरूम दोन पावलांवर आहे. टेबल खाली घेऊन दोन्ही बाकांच्या कडांवर टेकवायचं, पाय आत घडी करायचा आणि हाताने दाबून खात्री करायची. हा बिछाना १७५ सेंमीच्या आसपास, त्यांना पुरून उरतो. वयस्कर माणसाला मऊ गादीतून उठता येत नाही, म्हणून त्यांच्या खाली टॉपर नाही, दोन पदरी गोधडी आणि लोकरी ब्लँकेट. भिंतीशी एक लोड. पहाटे उठून बसायची सवय असते, पाठ टेकायला काहीतरी हवं. जमिनीलगत हालचालीने लागणारा बॅटरीचा छोटा दिवा चिकटवा, चपला त्याच्या खाली. त्या बिछान्यात बसून राहिल्या की आमच्या चहाला टेबल नसतं, तेव्हा आम्ही चहा पायरीवर घेतो.

या टेबलाच्या वर भिंतीतून उघडणारा बंक, म्हणजे वरचा बिछाना, आहे, तो मुलाचा. बंकवर किती वजन चालतं ते पाटीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. पडू नये म्हणून असलेली जाळी रोज लावायची, मूल कितीही मोठं झालो म्हणालं तरी. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका.

सकाळी आवरताना

उठल्या उठल्या घडी घालायची घाई नको. डुव्हे पायथ्याशी उलटून टाका, खिडक्या आणि छताची झडप उघडा, दात घासून चहा होईपर्यंत तसंच राहू द्या. मग वळकट्या करा. पूर्वी रेल्वेने जाताना होल्डॉल असायचा, तीच युक्ती: टॉपर, त्यावर चादर, त्यावर डुव्हे, आणि सगळं एकत्र पायथ्याकडून उशाकडे घट्ट गुंडाळून दोन पट्ट्यांनी आवळायचं. रात्री उशाकडून सोडलं की अंथरूण तयार. प्रत्येकाची एक वळकटी, आणि प्रत्येकाने आपली आपण बांधायची. आमच्याकडे यात सवलत फक्त सासूबाईंना.

प्रवासात वळकट्या कुठे ठेवता हे महत्त्वाचं. चौघांचं अंथरूण-पांघरूण सहज वीस किलोच्या वर जातं, आणि छोट्या गाडीत आपल्या सामानाला मिळणारी मुभा कधी कधी जेमतेम दीडशे किलो असते. त्यातूनच गॅसची टाकी, बॅटरी, तंबू, डाळ-तांदूळ. वळकट्या चाकांच्या आसपास, जमिनीवर ठेवा. सगळ्या मागे टाकल्या तर मोटरवेवर गाडी शेपूट हलवायला लागते, सगळ्या पुढे टाकल्या तर कारच्या हुकवर भार येतो.

हिवाळ्यात

नोव्हेंबरमध्ये गाडी बंद करताना टॉपर आणि पांघरुणं घरात आणा. गाद्यांनाही घरात जागा असेल तर उत्तम. नसेल तर त्या भिंतीपासून सोडून, कडेवर उभ्या करून ठेवा आणि बाकांच्या पेट्यांची झाकणं उघडी राहू द्या. उंदरांना फोम फार आवडतो, तेव्हा गाडीत बिस्किटाचा तुकडासुद्धा ठेवू नका. महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी जाऊन दारं-खिडक्या उघडायच्या आणि गाद्या उलट्या करायच्या. मार्चमध्ये पहिल्यांदा बाहेर पडण्याआधी खोळी धुवून घ्या, पण चेन पूर्ण लावूनच मशिनमध्ये टाका आणि ड्रायरमध्ये अजिबात नको. आटलेली खोळ फोमवर परत चढवायला दोन माणसं आणि अख्खी दुपार लागते.